काळ्या रानात यंदा काय बदलावं? ऑगस्टात करपतं, सप्टेंबरात सडतं

काळंरान | १२ एप्रिल, रात्री १०:४२

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं रान औसा तालुक्यात, एकूण दहा एकर. सात एकर भारी काळं, तीन एकर वर माळाला लागून मुरमाड. पाण्याला एक विहीर, ती फेब्रुवारीत राम म्हणते. वडील होते तोवर खरिपाला उडीद, मूग, तूर अन् रब्बीला ज्वारी असं चालायचं. गेली पंधरा वर्षं बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन.

२०२३ ला काय झालं ते सगळ्यांना माहितीय, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आमच्याकडं बरोब्बर फुलं लागायच्या टायमाला आभाळ आटलं. भेगा एवढ्या पडल्या की पोराचा बॉल आत गेला तो आजपर्यंत सापडला नाही. एकरी तीन क्विंटलवर भागलं. मागच्या वर्षी, २०२५ ला, सगळं उलटं. मे महिन्यातच पाऊस सुरू, मशागतच नीट झाली नाही, तरी पीक कमरेएवढं आलं, लोक बांधावर थांबून बघायचे. मग सप्टेंबर. खालच्या चार एकरात सहा दिवस पाणी उभं. ओसरल्यावर शेंग हातात घेतली तर दाण्याला आतल्या आत कोंब. बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लावायचा प्रश्नच आला नाही. आम्ही तरी नशीबवान म्हणायचं, सीनाकाठच्या पाव्हण्यांचं रान मातीसकट गेलं, खाली नुसता खडक राहिला.

तर मुद्दा असा की दोन्ही वर्षी बियाणं तेच, पेरणी तीच, पेरणारा बी मीच. एकदा पाण्यावाचून गेलं, एकदा पाण्यानं गेलं. धाकटा भाऊ म्हणतो ऊस लाव अन् मोकळा हो. माझ्याकडं यंदा काही वेगळं करायला तीसेक हजार हायेत, त्याच्यावर नाहीत. हवामान बदलाची भाषणं लई ऐकली, मला मृगाच्या आधी रानात काय करायचं ते सांगा. एकच गोष्ट बदलायची तर कोणती?


तिफण | १२ एप्रिल, रात्री ११:२०

बीबीएफ. दुसरं काही नाही.

सपाट पेरणी बंद करा अन् रुंद वरंबा सरीवर या. वरंब्यावर चार ओळी, दोन्ही अंगाला फूटभराच्या वर सरी. पाऊस कमी झाला तर सरीत पडलेलं पाणी तिथंच मुरतं, जास्त झाला तर सरीनं बाहेर जातं, मुळं उंचावर राहतात. तुमचे दोन्ही रोग एकाच औषधात. बी पण कमी लागतं, सपाटला एकरी ३० किलो टाकत असाल तर इथं २२ वर भागतं. नवीन काही नाही हे, हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट म्हणून कोरडवाहू पिकांची संशोधन संस्था आहे त्यांनी १९७० च्या दशकात काळ्या रानासाठीच बसवलेलं आहे, आपल्याकडं यायला चाळीस वर्षं लागली एवढंच.

आता माझी फजिती ऐका म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या वर्षी ट्रॅक्टरवाल्याला लांब तास पाहिजे होता, वळायला कमी लागतं म्हणून, त्यानं सगळ्या सऱ्या उताराच्या दिशेनं ओढल्या. मी बी बघत उभा, मला कुठं कळत होतं. जुलैत एक मोठा पाऊस झाला, सरीसरीतनं लोंढा निघाला अन् निम्मी माती खालच्या बांधाला जाऊन बसली. दुसऱ्या वर्षी उताराला आडव्या काढल्या तर खालच्या टोकाला वाट ठेवायची विसरलो, सऱ्यांची तळी झाली, पीक पिवळं. तिसऱ्या वर्षी जमलं. सरी उताराला आडवी पण एका टोकाकडं किंचित, अगदी किंचित ढाळ, अन् त्या टोकाला सगळं पाणी घेणारा एक चर. चरात गवत राहू द्यायचं, उपटायचं नाही.


काळंरान | १३ एप्रिल, सकाळी ६:५५

दादा हे पटतंय. पण चर काढला तर पाणी जाणार कुठं? आमच्या खालच्या बांधाला चुलतभावाचं रान आहे अन् आमचं नऊ वर्षांपासून बोलणं नाही. बांध कोरला म्हणून मोजणी आणली होती त्यानं. आत्ता आपसूक पाणी जातं तरी सुनावतो, चर काढून सोडलं तर कुऱ्हाड घेऊन येईल.


तिफण | १३ एप्रिल, सकाळी ८:१०

हा प्रश्न इक्रिसॅटला पण सुटलेला नाही राव 😀


पेन्शनर_कृषीसहायक | १३ एप्रिल, सकाळी ९:३०

३१ वर्षं खात्यात काढली, त्या अनुभवावरून लिहितो. बीबीएफ चांगलंच आहे, पण यंत्राच्या आधी बियाणं. मागच्या वर्षी पावसात भिजलेलं सोयाबीन घरचं बी म्हणून ठेवलं असेल तर जूनमध्ये रडायची वेळ येईल. सोयाबीनचं टरफल म्हणजे कागद, पोतं दोनदा आपटलं तरी उगवण कमी होते.

घरी करायची गोष्ट आहे. पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठमूठ दाणे घ्या, निवडून चांगले चांगले घेऊ नका, जसे येतील तसे शंभर मोजा. गोणपाटाचा तुकडा ओला करून पिळा, त्यावर दहा दहाच्या दहा ओळी, वरून दुसरा ओला गोणपाट, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज शिंपडा, सातव्या दिवशी उघडून मोजा. ७० च्या पुढं धडधाकट कोंब असले तर नेहमीचं प्रमाण. साठ-पासष्ट आले तर त्या हिशोबानं बी वाढवा. पन्नास असेल तर ते तेलगिरणीला घाला, रानात नको.

दुसरं, घाई. मागच्या वर्षी २६ मेला मान्सून मुंबईत आला, बातमी बघून लोकांनी पोती सोडली. ७५ ते १०० मिलीमीटर पडून ओल वीतभर खाली गेल्याशिवाय पेरायचं नाही हे विद्यापीठ दरवर्षी सांगतं आणि दरवर्षी निम्मं गाव दुबार पेरणी करतं. तिसरं, सातही एकरांत एकच वाण टाकू नका. जेएस ९३०५ सारखं नव्वद दिवसांत निघणारं थोडं, फुले संगम किंवा परभणीचं एमएयूएस ६१२ सारखं जरा उशिरा येणारं थोडं. पावसात खंड पडला तर सगळं एकाच वेळी फुलात सापडत नाही, शेवटी बदाबद पडला तर सगळं एकाच वेळी कापणीला नसतं. खर्च शून्य, बियाणं तर विकत घ्यायचंच आहे.


वऱ्हाडी_ठेचा | १३ एप्रिल, दुपारी १:१५

काका बरोबर बोलून राह्यले. पण बीबीएफवाल्या भावाले एक इचारतो, यंत्र भेटते कुठून? आमच्या यवतमाळकडं गावात गटाचं एक यंत्र हाय. वापसा आला, म्हंजे ओल पेरणीजोगी झाली, की दोन दिवसांत अख्ख्या गावाले पेरायचं असते. माहा नंबर येईपर्यंत दुसरा पाऊस येऊन जाते, मंग बस बोंबलत.

म्हून आमी काय करतो, पेरणी आपली साधीच करतो, फक्त दर सहा तासांनंतर, म्हंजे ओळींनंतर, सातवा तास रिकामा सोडतो, पेरणीच्या चाड्यात त्या नळीले बोळा कोंबायचा झालं. मंग महिनाभरानं डवरणी म्हंजे कोळपणी करताना डवऱ्याच्या जानोळ्याले, म्हंजे पातं धरणाऱ्या दांड्याले, जाड दोरी गुंडाळतो. दोरी माती दोन्हीकडं लोटते, मधात सरी पडते, आपोआप भर लागते. यंत्र नाही, डिझेल नाही, एक बैलजोडी अन् सुताची जुनी दोरी. बीबीएफच्या शंभर टक्के नाही, पण सत्तर टक्के काम होते असा माहा अंदाज हाय. अन् सातवा तास मोकळा असला की फवारणीले जाता येते, साप बी दिसते 😄


गच्चीवरची_बाग | १३ एप्रिल, दुपारी २:०२

मी पुण्यात राहते, शेती नाही, पण विषय जवळचा वाटला. आता इतकी अ‍ॅप्स आहेत, उपग्रहावरून मातीतली ओल कळते, एआयवर सल्ला मिळतो. ठिबक करून सेन्सर बसवले तर हा प्रश्न सुटणार नाही का? प्रामाणिक शंका आहे, कृपया टोमणे मारू नका.


काळंरान | १३ एप्रिल, दुपारी ३:३०

ताई टोमणा नाही. ठिबक करायला विहिरीत पाणी लागतं अन् ऑगस्टात खंड पडतो तेव्हा विहिरीला बी खंडच असतो. अ‍ॅप आहे माझ्याकडं, तीन आहेत. सप्टेंबरात तिन्हींनी अतिवृष्टीचा इशारा दिला होता अन् तो खरा ठरला. इशारा आला तेव्हा मी रानाकडं बघत होतो, पीक हिरवं होतं, कापता येत नव्हतं. कळून करायचं काय ते अ‍ॅपात नव्हतं.


सहारा_ते_सातारा | १३ एप्रिल, रात्री ११:५५

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा माण तालुक्यातला, गेली नऊ वर्षं पश्चिम आफ्रिकेत, आधी नायजर आणि आता बुर्किना फासोमध्ये पाणलोटाच्या कामावर आहे. इथे बसून मराठवाड्याच्या बातम्या वाचल्या की वाटतं मी एकाच गावात राहतोय.

काळ्या सात एकरांबद्दल वरच्या लोकांनी सांगितलंय त्यात मी भर घालू शकत नाही, पण तुमच्या त्या तीन एकर मुरमाडाकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. माझा विषय तोच. इथे १९८० च्या आसपासच्या दुष्काळात जमिनी अशा झाल्या होत्या की वर कडक पापुद्रा, पाऊस पडला तर पत्र्यावर पडल्यासारखा वाहून जायचा. याकूबा सावादोगो म्हणून एक शेतकरी होते, २०२३ च्या डिसेंबरमध्ये वारले. त्यांनी जुनीच रीत काढली, नाव झाय. उन्हाळ्यात, पावसाच्या खूप आधी, त्या कडक जमिनीत वीतभर रुंद आणि वीतभर खोल खड्डे घ्यायचे, पण याकूबांनी ते जुन्या रीतीपेक्षा मोठे केले आणि प्रत्येकात ओंजळभर शेणखत टाकलं. खताला वाळवी येते, लोकांना वाटतं नुकसान, पण वाळवी आत बिळं करते आणि तीच पाणी मुरायची वाट. पहिला पाऊस खड्ड्यात थांबतो, त्यात ज्वारी-बाजरी टोकायची. गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं. २०१८ ला त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, पर्यायी नोबेल म्हणतात तो.

आता सावधगिरी, कारण परदेशातलं ऐकून लोक लगेच कुदळ घेतात. हे काळ्या रानात करू नका. खड्ड्यात पाणी साठून मुळं कुजतील, तुमचं सप्टेंबर तुम्ही स्वतःच्या हाताने आणाल. हे फक्त कमी पावसाच्या, पापुद्रा धरणाऱ्या, उताराच्या हलक्या जमिनीला. आणि मजुरी भयंकर लागते, इथे बाया-पोरं महिनोन्महिने खणतात. तीन एकर एकदम नाही, दहा गुंठे करून बघा. सोयाबीन नको त्यात, तूर टोका.

दुसरी गोष्ट नायजरची आणि तिला खर्चच नाही. तोडलेल्या झाडांचे बुंधे जमिनीत जिवंत असतात, नांगरताना शेतकरी दरवर्षी फुटवे छाटून टाकतो. ते छाटायचे नाहीत, चार-पाच जोमदार ठेवून बाकी काढायचे. एवढ्यावर नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर शेतात झाडं परत आली, रोपवाटिका नाही, खड्डे नाहीत, फोटोसाठी मंत्री नाहीत. पण ते का झालं हे महत्त्वाचं आहे. आधी झाड सरकारचं समजलं जायचं, तोडलं तर दंड, म्हणून शेतकरी रोप दिसलं की उपटायचा. झाड आपलं आहे असं वाटायला लागल्यावर तो राखायला लागला.


वऱ्हाडी_ठेचा | १४ एप्रिल, सकाळी ७:४०

लय भारी भाऊ. आमच्याकडं बांधावरची बाभूळ अन् कडुनिंब ट्रॅक्टर वळत नाही म्हून लोकायनं काढले. आता भर उन्हात शिदोरी खायले सावली नाही, ट्रॅक्टरच्या खाली बसा लागते.


एक_एकर_माझं | १४ एप्रिल, दुपारी ४:२०

मी धाराशिव जिल्ह्यातली. कालपासून वाचतेय, सगळे पुरुष सरी आणि यंत्र बोलतायत म्हणून लिहिते.

आमच्याकडं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या ताया यायच्या, त्यांचं म्हणणं साधं होतं, घरच्या रानातला एक एकर बाईनं मागून घ्यायचा अन् त्यात खायचं पिकवायचं. मालकांना विचारलं तर ते म्हणले एकराचं सोयाबीन बुडेल ते कोण देणार. सासूबाई मधे पडल्या, म्हणल्या माळाकडचा दे तिला, तिथं तसंही काय येतंय. तर तसा मिळाला. त्यात मी वाळलेलं काही फेकत नाही, गांडूळखत करते, अन् पेरते काय तर जुनंच, तूर, मूग, मटकी, हुलगा, कडेनं अंबाडी, मधे कारळे, वाफ्यावर भाजी. वीस-बावीस प्रकार होतात.

२०२३ ला सोयाबीन करपलं तेव्हा माझा हुलगा उभा होता, त्याला पाऊस नसला तरी दव पुरतं. मागच्या वर्षी मूग गेला, भाजी गेली, मटकी सडली, खोटं कशाला बोलू. पण तूर उंचवट्यावर होती ती वाचली अन् मूग तोडणीला आधीच एकदा आला होता. नफा म्हणाल तर हातात फार नाही पडत. पण दोन्ही वर्षी किराण्याच्या दुकानात डाळीची उधारी झाली नाही आमची, शेजारच्या चार घरांची झाली. मालक आता तो एकर परत मागत नाहीत, उलट पाव्हण्यांना दाखवायला आणतात.

एक राग मात्र आहे तो लिहिते. मदतीचे पैसे आले ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. पंचनाम्याला आलेल्या साहेबाला म्हणलं हा एकर मी करते, तर म्हणला कागदावर दाखवा. कागदावर मी नाहीच.


पेन्शनर_कृषीसहायक | १४ एप्रिल, सायंकाळी ६:०५

ताई, लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीत त्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. तलाठ्याकडं विचारा, एका अर्जाचं काम आहे.


एक_एकर_माझं | १४ एप्रिल, सायंकाळी ६:३१

अर्ज एका पानाचा आहे काका. संमती हा शब्द तुम्ही पटकन लिहिलात.


पावसाळी_बेडूक | १४ एप्रिल, रात्री ९:००

सगळं ठीक आहे पण विम्याबद्दल कोणी बोलत का नाही? जगभर हवामान बदलावर पहिला उपाय विमा सांगतात.


तिफण | १४ एप्रिल, रात्री ९:१८

बोलत नाही कारण बीपी वाढतं.

ऐका. २०२३ ला एक रुपयात विमा आला, सगळ्यांनी भरला, ज्यांना रान नाही त्यांनी पण भरला, मग बोगस बोगस म्हणून बोंब झाली. २०२५ ला ती योजना बंद, परत खरिपाला दोन टक्के हप्ता अन् भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर. आधी निदान रानात पाणी शिरलं तर ७२ तासांत कळवा म्हणायचे, ते कलमच राज्यानं काढलं, अन् त्याच वर्षी सप्टेंबरात हे आभाळ फाटलं. टायमिंग बघा. २०२५ च्या नियमानं मंडळाचं सरासरी उत्पन्न कमी निघालं तरच. तुमचं एकट्याचं गेलं तर देवाची करणी.

मंडळ म्हणजे वीस-पंचवीस गावं. अतिवृष्टी धरायची तर मंडळातल्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलीमीटर पाहिजे. आमचं यंत्र ज्या गावात आहे ते डोंगराच्या पलीकडं, तिथं ५८ अन् आमच्या ओढ्याला गुरं वाहून गेली. आता पाऊस पट्ट्यापट्ट्यानं पडतो, एका शिवारात ढगफुटी अन् तीन किलोमीटरवर धूळ. पाऊस बदलला, मोजणी आहे तिथंच.


पावसाळी_बेडूक | १४ एप्रिल, रात्री ९:४०

म्हणजे विमा भरायचाच नाही का? दोन टक्के म्हणजे फार नाही.


तिफण | १४ एप्रिल, रात्री ९:५२

मी भरतो. सासऱ्याच्या पाया पडतो तसं भरतो. काही मिळेल म्हणून नाही.


औशाचा_धाकटा | १४ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार. मीच तो ऊस लाव म्हणणारा भाऊ. दादानं लिंक पाठवली नव्हती, मित्रानं पाठवली.

सगळे मला खलनायक करायच्या आधी थोडं ऐका. सहा दिवस पाणी उभं राहिलं त्या बांधाच्या खाली ज्यांचा ऊस होता तो आडवा झाला पण मेला नाही, गाळपाला गेला. उसाला एफआरपी म्हणजे ठरलेला किमान भाव आहे, उशिरा का होईना कायद्यानं मिळतो. सोयाबीनचा हमीभाव २०२५ च्या हंगामात क्विंटलला ५,३२८ होता, बाजारात त्या भावानं किती जणांचं गेलं ते इथं सांगा. २०२१ ला दहा हजार बघितलेत आपण, त्यानंतर काय बघतोय. तुम्ही सगळे पाऊस पाऊस करताय, पण चांगल्या पावसाच्या वर्षी पण आमच्या घरी पैसा राहत नाही. सरी काढून क्विंटल वाढेल, भाव वाढेल का? भावाचा खंड पडतो त्याला कोणती सरी काढायची?


पेन्शनर_कृषीसहायक | १५ एप्रिल, सकाळी ८:४५

भाऊ, तुमचा भावाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण उसाला पाणी? विहीर फेब्रुवारीत आटते असं तुमचे दादा लिहितायत. मग बोअर घेणार, पाचशे-सहाशे फूट. शेजारी आठशे घेणार. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ते विसरलात का? हिवरे बाजारात शेतीला बोअर घ्यायचं नाही आणि ऊस लावायचा नाही हे गावानं ठरवलं, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस कमी तर उन्हाळी पीक नाही म्हणजे नाही. एकट्यानं ठरवून होत नाही हे.

शेततळ्याबद्दलही तेच सांगतो. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरलं तर सोनं. पण अर्ध्या ठिकाणी मी स्वतः बघितलंय, बोअरमधलं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरतात आणि उन्हात वाफ करतात. ते तळं नाही, शेजाऱ्याच्या विहिरीला लावलेली नळी आहे.


औशाचा_धाकटा | १५ एप्रिल, सकाळी ९:२०

मिरजेची रेल्वे मला चांगली आठवते काका, मी तेव्हा लातुरात रूम करून राहायचो, घागर घेऊन रांगेत होतो. बरं, ऊस नको. पण मग दोन एकर सोयाबीनमध्ये तूर टाका निदान, चारास दोन ओळी. तुरीचं मूळ खोल जातं अन् ती डिसेंबर-जानेवारीत येते, तोवर एक तरी पैशाची वाट राहते. दादा सगळं एकजात सोयाबीन करतो कारण काढायला सोपं, मशीन येतं अन् दोन तासांत रान मोकळं. तूर असली की मशीन घालता येत नाही, माणसं लागतात. हे दादानं धाग्यात लिहिलेलं नाही.


काळंरान | १५ एप्रिल, सकाळी ९:५०

घरी ये तू.


सपाट_नांगर | १५ एप्रिल, दुपारी १२:३०

एसआरटी कोणीच काढलं नाही? सगुणा तंत्र, नेरळचं. मुळात भातासाठी निघालं, आता आपल्याकडं कापूस सोयाबीनलाही करतात. गादीवाफे एकदाच करायचे, नांगरट कायमची बंद, पिकाचं मूळ जमिनीतच ठेवायचं, वरून कापायचं. तीन वर्षांनी माती हातात भुसभुशीत येते, गांडुळं दिसतात, मोठ्या पावसात माझ्या वाफ्यावरची माती गेली नाही. नांगरटीचं डिझेल वाचलं ते वेगळं.


एक_एकर_माझं | १५ एप्रिल, दुपारी १:१०

दादा पण त्यात तणनाशक मारावं लागतं ना. ते पण लिहा.


सपाट_नांगर | १५ एप्रिल, दुपारी १:२५

लागतं. कमी कमी होत जातं पण लागतं. लपवत नाही.


खाचरातला | १५ एप्रिल, दुपारी ३:००

इथं सोयाबीनवाल्यांची गर्दी आहे, मी भंडाऱ्याचा, भातवाला. एकच सांगतो. भातात पुराला टिकणारं वाण आहे, स्वर्णा सब-१, २००९ ला भारतात आलं, दोन आठवडे पूर्ण पाण्याखाली बुडालं तरी पाणी ओसरल्यावर परत हिरवं होतं. त्यातला तो गुण कुठून आला, तर ओडिशातल्या एका जुन्या गावठी भातातून, ज्याला कोणी विचारत नव्हतं. वरच्या ताईंनी हुलगा अन् अंबाडी लिहिली म्हणून आठवलं. सोयाबीनला तसं काही नाही, तेव्हा तुम्हाला चरच काढावा लागेल.


काळंरान | २ मे, रात्री १०:१५

उशीर झाला, माफी. लगीनसराई.

तर ठरलंय ते सांगतो. खालच्या चार एकरात बीबीएफ, यंत्र मुरूडच्या एका गटाकडून ठरवलं, तारीख नाही म्हणाला, वापसा येईल तसं. नाहीच आलं तर यवतमाळच्या दादांचा सातवा तास अन् दोरी, बैलं चुलत्याची आहेत. वरच्या तीन काळ्या एकरात सोयाबीन-तूर चारास दोन, हे धाकट्याचं चाललं, माणसं तोच लावणार असं कबूल करून घेतलंय. वाण दोन. मुरमाडात दहा गुंठे त्या आफ्रिकेच्या खड्ड्यांना, मी अन् पोरगं रोज सकाळी उन्हाच्या आधी खणतोय, आजपर्यंत दोनशे चाळीस झाले, हाताला फोड आलेत. बाकीच्या मुरमाडावर बायकोनं दावा सांगितलाय, तिनं हा धागा वाचला. एक एकरवाल्या ताई, तुमचं नाव घेऊनच मागितला.

गोणपाटाची टेस्ट केली. ६१ आले. काका म्हणतात तसं बी वाढवावं लागणार.

आता चर. पाणी कुठं सोडायचं यावर सगळं अडलं होतं. चुलतभावाला सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून चुलतीकडं गेलो. तिला म्हणलं, मागच्या वर्षी पाणी माझ्या रानात सहा दिवस थांबलं अन् मग एकदम बांध फोडून तुमच्यात आलं, तुमचं पण गेलंच की. चर दोघांच्या बांधावरनं सरळ ओढ्यापर्यंत नेला तर दोघांचं निघंल. ती काही बोलली नाही, चहा दिला.

चार दिवसांनी तो स्वतः बांधावर आला. पहिला शब्द, "तुझ्या बाजूनं दोन फूट सोडणार का?" म्हणलं सोडतो. मग म्हणला ढाळ बघावा लागंल, नाहीतर ओढ्याचंच पाणी उलटं येतंय. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणली त्यानं, एक टोक मी धरलं, एक त्यानं, वीस वीस पावलांवर खुंट्या ठोकत गेलो. दोन तास. बोलणं म्हणजे "वर कर", "थोडं खाली", "थांब, बुडबुडा आहे" एवढंच. ओढ्याकडं फूटभर ढाळ निघाला.


तिफण | २ मे, रात्री १०:४०

फूटभर म्हणजे किती लांबीत? लांबी सांगा, नाहीतर चर कापत जाईल. अन् ओढ्याच्या तोंडाला दगड रचा, नुसती माती ठेवू नका.


काळंरान | २ मे, रात्री १०:५८

अंदाजे दोनशे सत्तर फूट. दगड त्याच्या रानात पडलेत, विचारतो उद्या.